अव्या, सोहमशी जरा तूच बोल

ठाणे, रविवार रात्र

अव्या,

गुडघा कसा आहे? वहिनी म्हणाल्या काठी सुटली, मस्त. माझी शुगर आहे तिथेच आहे, तब्येतीचं एवढं पुरे. मेसेजच करणार होतो पण हे मेसेजात मावणारं नाही, आणि घरात कुणाशी बोलावं तर सगळे असे बघतात की हा माणूस सकाळी सकाळी पितळेच्या नळकांड्यांवरून बहिणीशी का भांडतोय. तुला कळेल, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

ताईच्या सोहमने तिकडे अमेरिकेत मार्लिन रायफल घेतली ते तुला माहीत आहेच, 336 मॉडेल, तीस-तीस काडतुसाची. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटो रायफल चालत नाही, त्यामुळे तिकडे लिव्हरवाल्या (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस आत घ्यायच्या) रायफली अजून घराघरात आहेत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा सीझन उघडतो. मागच्या वर्षी दुकानातली काडतुसं घेऊन गेला होता, यंदा म्हणे स्वतः भरलेली नेणार. वापरलेल्या नळकांड्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरायला बेसमेंटमध्ये प्रेस, डाय (नळकांडं दाबून पुन्हा मापात आणायचा साचा), तराजू, कॅलिपर सगळं मांडलंय. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, व्हिडिओ कॉलवर ते टेबल बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ताईचं वेगळंच, "सोसायटीत कुणाला बोलू नकोस, तो हरणं मारतो म्हणून", आणि त्याच दमात "थंडीत उभा राहतो रे, कानटोपी घालतो का विचार ना". तिथे अंगावर 250 चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग दिसायलाच लागतो असा नियम आहे, कानटोपी त्यातच येते, हे सांगितल्यावर तिला जरा बरं वाटलं.

तर झालं असं की परवा त्याने टार्गेटचा फोटो पाठवला. शंभर यार्ड, तीन गोळ्या, सव्वा इंचात. खाली तीन अंगठ्याच्या इमोजी. आणि टार्गेटच्या कडेला शोभेला म्हणून तीन रिकाम्या केस (काडतुसाची पितळी नळकांडी) आडव्या ठेवलेल्या. ग्रुप, म्हणजे तिन्ही भोकांचा पुंजका, छानच होता, पण माझी नजर त्या केसवर गेली. मोठं करून बघितलं तर बुडापासून थोडं वर, गोल फिरलेली एक चकचकीत रेघ, तिन्हींवर.

आता तू म्हणशील ती डायची खूण असेल. असू शकते. डाय जिथे थांबते तिथे केस घासून चमकते, त्याने काही बिघडत नाही. पण दुसरी शक्यता अशी की तिथे आतून पितळ ताणून पातळ झालंय, आणि तसं असेल तर पुढच्या कुठल्यातरी बाराला केस त्याच जागी तुटणार, बूड बाहेर येणार आणि वरचा तुकडा चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, अडकणार. गरम वायू मागे आला तर डोळे. बाहेरून दोन्ही रेघा सारख्याच दिसतात रे, म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

मी लगेच फोन केला. म्हटलं किती वेळा भरल्यास या? म्हणे सहावी वेळ. डाय किती खाली घेतोस? म्हणे पूर्ण, शेल होल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या खाचेला) टेकेपर्यंत, कागदावर तसंच लिहिलंय. मग माझी खात्रीच पटत चालली. बघ, तीस-तीस रिमवाली आहे, बुडाला बाहेर आलेली कड. चेंबरात ती रिमवर अडते, खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) नाही, म्हणजे खांद्यापुढे किती मोकळी जागा आहे याला काही हिशेब नाही. बार उडाला की खांदा पुढे जाऊन चेंबरला भिडतो, हा डायने पुन्हा मागे ढकलतो, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि ते सगळं ताणलेलं पितळ येतं बुडाच्या वरच्या पट्ट्यातून. वर मार्लिनचा बोल्ट (काडतुसामागचा अडसर) मागच्या बाजूला लॉक होतो, बोल्ट-अॅक्शनसारखे पुढे लग्ज, म्हणजे अडकणारे दात, नाहीत, तेव्हा दाबाखाली थोडं लवचिकही होतं. डाय एवढीच खाली घ्यायची की खांदा जेमतेम हलेल आणि काडतूस सहज आत जाईल. नुसती मान डायने मापात आणून मात्र लिव्हरमध्ये चालत नाही, कारण घट्ट काडतूस रेटून बसवायला बोल्ट-अॅक्शनचा जोर त्या लिव्हरला नसतो. हे सगळं मी त्याला नीट, न ओरडता सांगितलं. शेवटी म्हटलं, एक पेपरक्लिप सरळ कर, टोक वाकव, घासून टोकदार कर आणि केसच्या आत घालून भिंतीवरून वर ओढ. खाच असेल तर टोक अडकेल. दोन मिनिटांचं काम आहे.

तर म्हणतो, "मामा, डायचा मार्क आहे तो, तुम्ही उगाच टेन्शन घेता. ग्रुप बघा ना."

ग्रुप बघा! तीन गोळ्यांचा ग्रुप, अव्या! वरळीच्या रेंजवर तीन गोळ्या एका भोकात गेल्या म्हणून आपल्याला कुणी चहा तरी पाजला असता का? प्रोनच्या (पालथं पडून मारायच्या) साठ गोळ्या संपेपर्यंत माणूस कोण आहे ते कळत नाही. हे तूच त्याला शिकवलंस ना, नव्या मुंबईत एअर रायफल धरायचा तेव्हा? ताईला तेव्हा म्हणायचास पोराचा हात नेमबाज सुमा शिरूरसारखा स्थिर आहे, ज्या बाईने 2004 ला क्वालालंपूरला 400 पैकी 400 मारले तिच्याशी बरोबरी, तेही आठवीतल्या पोराची. तुझ्या त्या कौतुकानेच डोक्यात हवा गेली असं माझं अजूनही मत आहे. भांडायचं असेल तर भांड, पण आधी पुढचं वाच.

कारण दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मागे टेबलावर एक डबी दिसली, टोकदार बुलेटची. विचारलं हे कशाला, तर म्हणे लांबवर वेग टिकतो. अरे, त्या रायफलचं मॅगझिन बॅरलखालच्या नळीत आहे! काडतुसं एकामागे एक, मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकलेलं. म्हणून तर 1895 पासून तीस-तीसला चपट्या नाकाची बुलेट भरतात. रायफलचा धक्का बसला आणि ते टोक प्रायमरवर आपटलं तर काडतूस नळीतच उडेल, आणि त्या नळीखाली त्याचा डावा हात असतो. टोक हवंच असेल तर हॉर्नाडीची मऊ टोकाची खास याच रायफलींसाठी केलेली बुलेट मिळते, ती घे म्हटलं. यावर म्हणाला मी एका वेळी एकच भरतो, एक चेंबरमध्ये. आज एकच भरेल, मान्य. पण थंडीत, समोर हरीण उभं असताना, ग्लोव्ह घातलेल्या हाताने? आणि त्याच खिशात दोन्ही प्रकार असताना?

इथे आवाज चढला माझा. त्याचाही चढला. मग ताईचा फोन, "तो एकटा राहतो तिकडे, तू त्याला घाबरवतोस". तिला मी काय समजावू, ती माझी मोठी बहीण, मी गप्प बसलो. सकाळपासून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून हेच डोक्यात, मेट्रोचे खांब मोजत.

त्याच्या हेतूत चूक नाही रे, हे मला त्याला सांगायचं राहून गेलं. नेम अचूक हवा म्हणून तो हे करतोय, आणि जनावरावर गोळी झाडायची तर ते जखमी होऊन रानात मरू नये एवढं तरी माणसाने द्यायला हवं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला आणि ते चांगलंच झालं, मी शिकारीसाठी बंदूक हातात धरणारही नाही, पण तो तिथे कायद्याने करतो तर नीट करावी. फक्त त्याने अचूकपणा चुकीच्या जागी शोधलाय. त्या रायफलला दोन तुकड्यांचा दस्ता, बॅरलला लटकलेली नळी, वर पट्टा. चार बार झाले की बॅरल तापून सगळं एकमेकांना ओढायला लागतं आणि गोळ्या वर सरकतात. हा मग दारूचं वजन बदलतो! दहा मिनिटं थंड होऊ दे ना. हरणावर जाते ती पहिली, गार बॅरलची गोळी, तिचंच टार्गेट वेगळं ठेव, रोज एक, महिनाभर त्याच कागदावर. आणि फोर-एंड (दस्त्याचा पुढचा तुकडा) वाळूच्या पिशवीवर ठेवताना दरवेळी त्याच जागी ठेव, रिसीव्हरजवळ (मधल्या यंत्राच्या पेटीजवळ), बॅरल कधीच नाही. दोन-अडीच इंच आले शंभर यार्डांवर तरी त्या अंतरात हरणासाठी भरपूर झालं.

आणि केसची लांबी! ती तो मोजतच नाही. 2.039 इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, सगळ्या एकसारख्या ट्रिम करायच्या, नाहीतर बुलेटच्या खाचेवर क्रिंप (केसच्या तोंडाची पकड) एकाला घट्ट एकाला सैल. सैल असेल तर मॅगझिनच्या स्प्रिंगने आणि धक्क्याने बुलेट आत सरकते आणि दाब वाढतो. त्या काडतुसाची मर्यादाच 42,000 पीएसआय आहे, जुन्या डिझाइनची रायफल आहे. दारू पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासूनच वर न्यायची, कुणा मित्राच्या सांगण्यावरून नाही.

तुला आठवतं मी पॉइंट टू-टूच्या काडतुसांची रिम मायक्रोमीटरने मोजून वेगवेगळ्या डब्या करायचो आणि तू सगळ्या रेंजसमोर ओरडायचास, "विज्या, सोनं तोलतोयस का?" एकदा तर तू मुद्दाम डब्या मिसळल्यास. तो राग माझा अजून गेलेला नाही, पण सोहमसमोर ते काढू नकोस, त्याला आपल्या दोघांत फट दिसली की तो तिथेच घुसेल.

तर काम असं आहे. शनिवारी रात्री आपले नऊच्या सुमारास त्याला फोन कर, तिकडे सकाळ असते, तो घरीच असतो. माझं नाव काढू नकोस. सहज विचार, काय भरतोयस, दाखव तरी. मग पेपरक्लिप कॅमेऱ्यासमोर आत घालायला लाव. टोक अडकलं तर त्या लॉटच्या सगळ्या केस पक्कडीने चेपून कचऱ्यात, समोरच. नाही अडकलं तर त्याची पाठ थोपट आणि मला लगेच कळव, मी झोपेन तरी. टोकदार डबी मात्र काही झालं तरी त्या रायफलजवळ नको. तुझं ऐकतो तो. माझ्यावर चिडतो कारण मी मामा आहे, तुझ्यावर चिडायची त्याची हिंमत नाही.

स्नेहलचं ठरलं का? मुलगा नाशिकचाच ना? चिपळूणच्या घराचं छप्पर झालं की पावसाआधी राहिलं? वहिनींना नमस्कार. दिवाळीत येणार असशील तर आधी सांग, मामलेदारची मिसळ खाऊ, गुडघ्याला तिखट चालतं.

तुझा,
विज्या

ता.क. त्याचा नवा नंबर वेगळ्या कागदावर आत ठेवलाय. फोन करण्याआधी मला एक मिस्ड कॉल दे.