कोचीला जहाजावरून उतरायचेच आहे

बाणेर, पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून हे सांगायला लागले की बाबा पेपर उचलतात आणि आई चहा टाकायला उठते, म्हणून एकाच शहरात राहून पत्र लिहिते आहे. मुंबई ते कोची या सफरीची तुम्हा दोघांची तिकिटे मी काढली आहेत. पैसे भरून झाले आहेत आणि बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही मी आधी विचारले आहे. कृपा करून रागावू नका. तीन वर्षांपूर्वी माझ्या बाळंतपणासाठी तुम्ही केरळची तिकिटे रद्द केलीत आणि त्याबद्दल आजवर एका शब्दाने बोलला नाहीत. पण त्या सहलीसाठी आईने घेतलेली निळी बॅग अजून माळ्यावर कागदात गुंडाळलेली आहे, हे गणपतीचे मखर काढताना मी पाहिले, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

मी बरोबर येत नाही, याचा दुसरा अर्थ काढू नका. मी आले तर छोटी येणार, आणि छोटी आली की आईचे सगळे दिवस तिच्या मागे धावण्यात जाणार. खोली लिफ्टजवळची मागून घेतली आहे, कमोड आहे, शाकाहारी जेवण वेगळे मिळते, आणि सकाळी दुधाचा चहा मिळतो हेसुद्धा मी दोनदा विचारून घेतले आहे.

बाबा, तुम्ही ताईला म्हणालात म्हणे, की कोचीला हिला फिरून येऊ दे, मी डेकवर बसून राहीन. तसे करायचे नाही. तुम्ही ज्या धक्क्यावर उतराल ते विलिंग्डन बेट बव्हंशी माणसाने केलेले आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ उपसला, त्याच्या भरावावर ते उभे राहिले. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे गाळाशी झगडलेल्या माणसाने ते नुसते वरून पाहायचे का? तिथून टॅक्सीने फोर्ट कोचीला जा आणि किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशी निवांत बसा. लांब वाशांच्या एका टोकाला जाळे पसरलेले असते, दुसऱ्या टोकाला दोरांना धोंडे टांगलेले असतात, आणि चार-सहा माणसांनी दोर ओढले की धोंडे खाली येतात व एवढे मोठे जाळे पाण्याबाहेर निघते. मी चौथीत असताना तुम्ही पेन्सिलीवर फुटपट्टी ठेवून, एका टोकाला खोडरबर ठेवून मला हेच दाखवले होते. ती फुटपट्टी तेव्हा माझ्या बोटावर आपटली आणि तुम्ही किती वेळ फुंकर घालत बसला होतात, ते मला आठवते.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ मध्ये वास्को द गामा कोचीतच वारला आणि त्याला तिथे पुरले होते. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या, पण जागा दाखवणारा दगड अजून आहे. मट्टनचेरीचे १५६८ चे यहुदी प्रार्थनास्थळ आईने पाहावे. जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत आणि बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा आहे. कॅम्पातून जाताना लाल देवळाचे, म्हणजे आपल्याकडच्या यहुदी प्रार्थनास्थळाचे, घड्याळ दिसले की मी तुम्हाला स्कूटर थांबवायला लावत असे, बाबा. हेही घड्याळ माझ्यासाठी नीट पाहून या. शनिवारी प्रार्थनास्थळ बंद असते, आपला दिवस बुधवार आहे. तिथल्या राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रे आहेत, पण जिना आहे, तेव्हा गुडघा कुरकुरला तर आईला एकटीला वर जाऊ द्या.

आता नीट ऐका. रक्तदाबाच्या गोळ्या आईच्या पर्समध्येच ठेवायच्या, बॅगेत नाही. काठी घ्यायची, लाजायचे नाही. आधारकार्ड खिशात हवे. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून दिलेल्या वेळेच्या एक तास आधी परत यायचे. दापोलीसारखे करू नका. आईला समुद्र लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी जहाज सुटण्यापूर्वीच घ्यायची आहे.

मी हुकूम सोडते आहे असे वाटले तर माफ करा. तुम्ही जाल ते दिवस मला इथे फार जड जातील, पण तरीही तुम्ही जावे असे मनापासून वाटते.

निळी बॅग मी रविवारी येऊन काढते. बाबांनी स्टुलावर चढायचे नाही.

तुमची,
धाकटी