अटकेची कारणे आणि ‘तांत्रिक’ सुटका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अटक बेकायदा ठरवून न्यायालयाने आरोपीला सोडले की बातमीत हमखास एक शब्दप्रयोग येतो : ‘तांत्रिक कारणावरून सुटका’. वाचणाऱ्याला वाटते, कुठे शिक्का राहिला, कुठे सही चुकली आणि तेवढ्यावर आरोपी निसटला. हल्ली ज्या चुकीमुळे अशा सुटका होताना दिसतात, ती चूक म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 22(1)चा भंग. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे न सांगता कोठडीत ठेवता येत नाही, असा तो मूलभूत हक्क आहे. तो फक्त नागरिकांचा नाही. अनुच्छेदात ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, त्यामुळे परदेशी माणसालाही तो लागू होतो.

हा हक्क संविधानात कसा आला, हे पाहिले तर त्याचे वजन कळते. 1948 च्या मसुद्यात तो नव्हता. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदाची शब्दरचना फार तोकडी आहे, अशी नाराजी होती. ती उणीव काही अंशी भरून काढावी म्हणून सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत नवा अनुच्छेद 15-अ मांडला. तोच आजचा 22. अटकेचे कारण सांगणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत तेव्हाही होत्या. मग त्या संविधानात कशाला? कारण साधा कायदा विधिमंडळाला कधीही बदलता येतो. मूलभूत हक्क झाल्यावर संसदेचे आणि प्रांतिक विधिमंडळांचेही हात बांधले जातात, हे बाबासाहेबांनी सभेत स्पष्ट केले होते.

आता प्रत्यक्षात घोटाळा कुठे होतो ते सांगतो. पोलिसांच्या छापील नमुन्यात अटकेची ठरावीक कारणे असतात : पुन्हा गुन्हा करू नये, तपास नीट व्हावा, पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारांवर दबाव येऊ नये, न्यायालयात हजेरी निश्चित व्हावी. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मधली ही यादी कोणत्याही आरोपीला लागू पडते. या खुणा करून खाली सही घेतली की काम झाले, असा समज आहे. पण ही झाली अटकेची गरज. अनुच्छेद 22 मागतो तो अटकेचा आधार : या माणसाने नेमके काय केल्याचा आरोप आहे, कधी, कुठे, आणि त्याला गुन्ह्याशी जोडणारे काय हाती लागले आहे. इंग्रजीत या दोन गोष्टींना ‘रीझन्स’ आणि ‘ग्राउंड्स’ असे दोन शब्द आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने 15 मे 2024 च्या निकालात त्यांतला फरक उलगडून सांगितला. मराठीत आपण दोन्हींना ‘कारणे’च म्हणतो. गोंधळाचे अर्धे मूळ इथेच आहे, असे मला वाटते. ‘गरज’ आणि ‘आधार’ हे शब्द वेगळे वापरले, तर ठाणे अंमलदारापासून वार्ताहरापर्यंत सर्वांची सोय होईल.

ओळखण्याची सोपी रीत आहे. कागदावरचे आरोपीचे नाव खोडून दुसऱ्या कोणाचे घातले तरी मजकूर तसाच चालत असेल, तर तो आधाराचा कागद नव्हे.

ऑक्टोबर 2023 मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्याखालील अटकेत आणि मे 2024 मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालील अटकेत लेखी आधार देणे सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक ठरवले. 6 नोव्हेंबर 2025 रोजी, महाराष्ट्रातल्याच एका अपघात प्रकरणातून आलेल्या अपिलात, हा नियम सर्व कायद्यांखालच्या सर्व गुन्ह्यांना लागू झाला. कागद लेखी हवा आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवा. डोळ्यांदेखत गुन्हा घडत असताना पकडले आणि जागेवर लिहून देणे शक्य नसेल, तर तोंडी सांगून चालते. पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा आदेश मिळवण्यासाठी, हजर करण्याच्या किमान 2 तास आधी लेखी प्रत हातात पडलीच पाहिजे. म्हणजे सकाळी 11 ला न्यायालयात न्यायचे असेल, तर 9 च्या आत. हे दोन तास वकिलासाठी आहेत. कागद आधी वाचला तरच पोलिस कोठडीला विरोध करता येतो. कठड्यात उभे केल्यावर मिळालेल्या प्रतीचा उपयोग काय?

भाषेचा मुद्दा नवा नाही, आणि त्याची सुरुवात नागपूरची आहे. तिथे एकाला स्थानबद्धतेची (म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच डांबून ठेवण्याची) कारणे इंग्रजीत देऊन हिंदी भाषांतर नाकारले गेले, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला. तोंडी समजावून सांगितले होते, हा बचाव टिकला नाही. आपल्याकडे ठाण्यातले कामकाज मराठीत चालते, त्यामुळे गावातल्या माणसाची अडचण कमी. खरी अडचण भिवंडीच्या यंत्रमागावरच्या किंवा बांधकामावरच्या परप्रांतीय मजुराची. त्याच्या हाती मराठी कागद देऊन अंगठा घेतला, तर पोच होते. माहिती होत नाही.

आणखी दोन चुका वारंवार होतात. नातेवाइकांना फोन केला म्हणजे आरोपीला कळवले, असे धरले जाते. नातेवाइकांना कळवणे हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 48 चे वेगळे कर्तव्य आहे. त्याने खुद्द आरोपीला आधार सांगायला लावणाऱ्या कलम 47 ची आणि अनुच्छेद 22 ची पूर्तता होत नाही. दुसरे, ‘चौकशीसाठी बोलावले’ म्हणून रात्रभर बसवून ठेवायचे आणि सकाळी अटक दाखवायची. माणसाला निघून जाण्याची मोकळीक संपते, तेव्हाच अटक सुरू होते, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्ये सांगितले आहे. 24 तास तिथून मोजायचे, प्रवासाचा वेळ वजा करून.

एमपीडीए या धोकादायक व्यक्तींना आधीच डांबून ठेवण्याच्या महाराष्ट्राच्या कायद्याखालील स्थानबद्धतेला हे 24 तासांचे बंधन नाही. तिथे अनुच्छेद 22 चीच पुढची पोटकलमे लागतात : कारणे कळवणे, निवेदनाची संधी आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत. बातम्यांत ‘अटक’ आणि ‘स्थानबद्ध’ यांची सरमिसळ होते, ती टाळायला हवी.

अटक बेकायदा ठरली म्हणजे खटला संपला असेही नाही. गुन्हा कायम राहतो, तपास चालू राहतो. लेखी आधार देऊन पोलिसांना पुन्हा कोठडी मागता येते. मात्र आधी झालेला भंग नंतर दोषारोपपत्र दाखल केल्याने धुऊन निघत नाही.

म्हणून विनंती एवढीच : अशा आदेशाची बातमी देताना माणसाला प्रत्यक्ष किती वाजता ताब्यात घेतले, आधाराचा कागद किती वाजता आणि कोणत्या भाषेत दिला, आणि रिमांड देताना दंडाधिकाऱ्यांनी तो पाहिल्याची नोंद आदेशात आहे का, हे छापावे.

आपला,
एक वकील वाचक, सातारा