कंदिलाचा उजेड तूच काढ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ४० सेकंदांच्या पिक्सेल आर्ट फिल्मचा, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या चित्रांच्या फिल्मचा, तुकडा पाहिला. रात्रीचा फलाट, कंदील घेऊन फिरणारा पहारेकरी आणि त्याच्या मागे मागे मांजर. मांजर झकास जमलंय. पहारेकरी मात्र चालत नाही, घसरतो. त्याच्या कंदिलाचा उजेडही त्या फलाटावरचा वाटत नाही, बाहेरून कुणीतरी टॉर्च मारल्यासारखा दिसतो. ‘काहीतरी खटकतंय पण सापडत नाही’ असं तू लिहिलंस. मला वाटतं, दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: गोडोने, म्हणजे ज्या गेम इंजिनात तू फिल्म जुळवतेस त्याने, जे जे फुकट देऊ केलं ते सगळं तू घेऊन टाकलंस.

त्यात इंजिनाचा काही दोष नाही. ते खेळांसाठी बनलंय. खेळात पडदा साधारण सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो आणि वस्तू जितकी सलग सरकेल तितकी खेळणाऱ्याला बरी वाटते. म्हणून एक कीफ्रेम (अमुक क्षणी वस्तू अमुक जागी, अशी खूण) इथे आणि दुसरी तिथे ठेवली की मधलं सगळं ते आपणहून भरून देतं. तुझ्या पहारेकऱ्याचे पाय सेकंदाला १२ चित्रांनी बदलतात आणि त्याचं अख्खं शरीर मात्र ६० वेळा पुढे सरकतं. मग पाय टेकलेला असतानाच फलाटावरून फरफटत जाणार, दुसरं काय होणार?

(१२ हा आकडा आला कुठून, तर आमच्या कागदी ॲनिमेशनमधून. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, पण एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं. हात वाचतात आणि डोळ्याला चालतं.)

चित्र बदलेल तेव्हाच जागाही बदलायला हवी. गोडोच्या ॲनिमेशनप्लेयरमध्ये पोझिशनच्या (जागेच्या) ट्रॅकचा अपडेट मोड कंटिन्युअस (सलग) असेल, तो डिस्क्रीट (टप्प्याटप्प्याने) कर आणि प्रत्येक चित्रासाठी एक कीफ्रेम स्वतः ठेव. मग साधा हिशोब उरतो. चालण्याचं एक आवर्तन ८ चित्रांचं आहे आणि त्यात तो १६ पिक्सेल पुढे जातो, म्हणजे चित्रामागे २ पिक्सेल. टेकलेला पाय स्प्राइटच्या (पहारेकऱ्याच्या चित्राच्या चौकटीच्या) आत दर चित्राला बरोबर २ पिक्सेल मागे गेला, तर फलाटावर तो जागच्या जागी राहील. एसप्राइटमध्ये, म्हणजे तू चित्रं काढतेस त्या प्रोग्राममध्ये, ओनियन स्किन (मागचं-पुढचं चित्र फिकट दाखवणारी सोय) लावून हे मोजून घे. नुसत्या नजरेवर जाऊ नकोस.

याच हिशोबातून एक वेगळीच अडचण निघते. चित्रामागे २ पिक्सेल म्हणजे सेकंदाला २४. तुझा पडदा ३२० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला पहारेकऱ्याला १३ सेकंदांहून जास्त लागतील. तुझ्या फिल्मचा एक तृतीयांश भाग नुसता चालण्यात जाईल! मोह होईल तो त्याचा वेग वाढवायचा. तसं करू नकोस, तो म्हातारा आहे. त्याला निघताना दाखव, मग मांजराचे कान वळताना दाखव, मग तो पोचलेला दाखव. मधला फलाट प्रेक्षक मनातल्या मनात चालून घेतो.

आता कंदील. तू पॉइंटलाइट२डी, म्हणजे गोडोचा तयार दिवा, टाकलास हे पाहताक्षणी कळलं. त्याचा प्रकाश कडेकडे हळूहळू विरत जातो आणि त्या विरण्यात असंख्य मधल्या छटा तयार होतात. तुझी रंगपेटी १६ रंगांची आहे. १६ रंगांच्या जगात नसलेल्या छटा घेऊन आलेला उजेड परका दिसणारच. त्यापेक्षा तीन वलयं काढ. आत फिकट पिवळा, मग नारिंगीकडे झुकणारा, मग फलाटाच्या निळ्याहून जेमतेम एक पायरी उजळ असा निळा. दोन वलयांच्या सीमेवर एकाआड एक ठिपके टाकलेस की झालं. डिदरिंगचा, म्हणजे अशा ठिपक्यांच्या मिसळणीचा, खरा उपयोग इथेच आहे, सगळ्या आभाळभर पसरण्यात नाही. थरथर हवी असेल तर वलयाची तीन वेगळी चित्रं कर आणि त्यांच्या वेळा असमान ठेव. एसप्राइट प्रत्येक फ्रेमला आपणहून १०० मिलिसेकंद देतं आणि बहुतेक लोक ते तसंच सोडतात. तसं सोडलं की ज्योत घड्याळासारखी लुकलुकते. एखादं चित्र २५० वर थांबव, त्यानंतरचं ५० वर उडव.

आणि उजेड जिथे पडतो तिथेही काम कर. पहारेकऱ्याच्या कोटाची एक कड, मांजराच्या पाठीवरचे चार ठिपके, बाकाचा कोपरा. ते रंग बदलले की कंदील खरोखर पेटलेला दिसेल.

कंदिलाचं झुलणंही तू इंजिनाकडूनच फिरवून घेतलंयस. स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ (आधी लहान पडद्यावर रंगवून मग सगळं मोठं करणं) ठेवल्यामुळे ठिपके तिरके झालेले नाहीत, हे तुझं बरोबर. पण फिरवलेल्या स्प्राइटची रेष दर फ्रेमला वेगळ्या ठिकाणी तुटते आणि कंदिलाची दांडी वळवळते. पाच चित्रं काढ: मधलं एक, दोन्हीकडची दोन-दोन. टोकाची दोन जास्त वेळ थांबव, मधलं पटकन जाऊ दे. वजन तिथून येतं.

उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचा श्वास दाखवण्यासाठी तू त्याचं डोकं-खांदे एक पिक्सेल वरखाली केलेस. तो २४ पिक्सेल उंच आहे. एक पिक्सेल म्हणजे त्याच्या उंचीचा चोविसावा भाग. इतका श्वास धावून आलेला माणूसही घेत नाही. सगळं जागेवर ठेव आणि खांद्यावरचा उजळ ठिपका तेवढा शेजारच्या छटेत बदल. आकार हलला नाही तरी डोळ्याला हालचाल दिसते. हे जमायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की सोडवत नाही.

चेहऱ्यात फार गुंतू नकोस. १९८१च्या ‘डाँकी काँग’ या व्हिडिओ गेममध्ये त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतोंनी त्यातल्या उड्या मारणाऱ्या माणसाला मिशी दिली, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड दिसलं नसतं, आणि टोपी घातली, कारण केस हलवणं अवघड होतं. तुझ्या पहारेकऱ्याला मफलर आहेच, तो नाकापर्यंत ओढ.

सेटिंगबद्दल थोडक्यात. टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ (मोठं करताना ठिपके पुसट होत नाहीत), स्केल मोड ‘इंटिजर’ (पूर्ण पटीतच मोठं होतं), आणि टूडी ट्रान्सफॉर्म पिक्सेलला चिकटवायचा पर्याय चालू. मागच्या डोंगरांचा थर आणि खांबांचा थर वेगवेगळ्या वेगाने सरकतात, तिथे जो कंप दिसतो तो अपूर्णांकांचा आहे. कॅमेरा पूर्ण पिक्सेलनेच हलव.

शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. तू मला पडदा रेकॉर्ड करून पाठवलंस, त्यात मधल्या फ्रेम गळल्यात. गोडो ४ मध्ये मूव्ही मेकर मोड आहे. तो प्रत्येक फ्रेम सावकाश पण न चुकता लिहितो, संगणक कितीही रखडला तरी. एवीआय निवडू नकोस, त्यात जेपेगचे डाग पडतात. पीएनजीची मालिका घे, आवाजाची वेव्ह फाइल सोबत येतेच. चित्रं ३२०×१८० ची निघतील. एफएफएमपेगमध्ये (व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये) ‘नेबर’ पद्धतीने, म्हणजे ठिपक्यांच्या कडा तशाच ठेवून, बरोबर सहापट कर, १९२०×१०८० होतील. आधी मोठं करायला सांगतोय त्याला कारण आहे. नेहमीच्या व्हिडिओत दर २×२ ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद असते. लहान फाइल तशीच दिलीस तर तुझा नारिंगी शेजारच्या निळ्यात मिसळून चिखल होईल.

मांजराला हात लावू नकोस. ते थांबतं, मागे वळून बघतं आणि मग दोनच चित्रांत उडी मारून बाकावर जातं, ते कुठे शिकलीस ते सांग. आणि पुढच्या खेपेला सगळी फिल्म पाठवू नकोस. फक्त पहारेकऱ्याची आठ चित्रं पाठव, पायांवर नजर टाकतो.

तुझा,
बाबा