‘बेस्ट प्लेअर’ ठरवता तरी कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेज हॉकीत वैयक्तिक बक्षिसं द्यायचीच कशाला, खेळ तर अकरा जणांचा, असं एका वाचकाचं पत्र आपल्या पेपरात आलं होतं. त्यांचं म्हणणं कळतं पण मला पटत नाही. पुण्यात खडकी, नेहरूनगर भागातली जी पोरंपोरी कॉलेजच्या टीममधून खेळतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हॉकी म्हणजे नोकरीची वाट आहे, रेल्वे, आर्मी, पोलीस, एखादी पेट्रोलियम कंपनी. ट्रायलला जाताना प्रत्येकाच्या हातात एक फाइल असते आणि टीमच्या सर्टिफिकेटवर सगळ्यांचं सारखंच लिहिलेलं असतं, मग त्यात ‘स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट गोलरक्षक’ असा एक कागद निघाला तर ट्रायल घेणारा निदान मान वर करून त्या पोराकडे बघतो तरी. तो कागद बंद करा म्हणणं सोपं आहे हो, पण नुकसान कोणाचं होणार ते बघा. माझं भांडण बक्षिसाशी नाहीये, ते ज्या पद्धतीने ठरतं तिच्याशी आहे.

मी कॉलेजला असताना हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळायचो आणि आता स्थानिक स्पर्धांत टेबलवर स्कोअर लिहायला बसतो, त्यामुळे हे जवळून बघितलंय. फायनलचा चौथा क्वार्टर चालू असतो, पाहुणे येऊन बसलेले, शाल-श्रीफळ तयार, आणि आयोजकांपैकी कोणीतरी घाईघाईत टेबलपाशी येऊन विचारतं, ‘जास्त गोल कोणाचे आहेत हो?’ स्कोअरशीट चाळल्या जातात, जिंकत असलेल्या टीमचा फॉरवर्ड सापडतो, चिठ्ठीवर नाव लिहून स्टेजवर जातं, झालं. पहिल्या दिवसापासून उन्हात उभं राहून सगळ्या मॅचेस काढणाऱ्या अंपायरना कोणी विचारत पण नाही.

बरं गोल मोजायचे तर ते कोणावर मारलेत हे नको का बघायला? पहिल्या राऊंडला काही कॉलेजांच्या टीम अशा येतात की निम्म्या पोरांनी स्टिक नुकतीच हातात धरलेली असते, जिमखान्याच्या सरांनी एंट्री भरली म्हणून आलेली असतात बिचारी. त्यांच्यावर दहा-बारा गोल चढतात, त्यातले निम्मे एकाच पोराचे, आणि पुढे सेमीला आणि फायनलला त्याला एकही गोल काढता आला नाही तरी बेरजेत तोच वर राहतो.

आणि पेनल्टी कॉर्नरचं, म्हणजे फाउलबद्दल गोलसमोर मिळणाऱ्या पीसीचं काय? आजकाल मॅचेस पीसीवर जिंकल्या जातात हे हॉकी बघणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पोस्टपासून दहा मीटरवर बॅकलाइनवरून एक जण बॉल आत ढकलतो, गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे डीच्या बाहेर दुसरा तो थांबवतो, तिसरा तो स्टिकने ओढत गोलकडे उडवतो, म्हणजे ड्रॅग फ्लिक मारतो आणि शीटवर नाव फक्त तिसऱ्याचं लागतं. पुश जरा ढिला गेला किंवा बॉल थांबताना उडाला तर जगातला कुठलाही फ्लिकर काही करू शकत नाही. तिकडे गोललाइनमागे अडवायला गोलकीपर धरून पाचच जण आणि त्यातला फर्स्ट रशर सरळ बॉलच्या अंगावर धावतो. हिट मारला तर पहिला शॉट गोलच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीच्या वर जाऊन चालत नाही पण फ्लिकला ती अट नाही, म्हणजे बॉल मांडीवर येईल, पोटात येईल की तोंडावर, काही सांगता येत नाही. एका सेमीफायनलमध्ये कॉमर्सच्या एका मुलीला रश करताना बॉल गुडघ्याच्या वर बसला, स्प्रे मारून घेतला, मास्क परत चढवला आणि पुढच्या पीसीला तीच पहिली धावली. गोल झाला नाही आणि तिची टीम एका गोलने फायनलला गेली. त्या मॅचच्या शीटवर तिचं नाव फक्त टीमच्या यादीत आहे, बाकी कुठेही नाही. बक्षीस समारंभात तिला मेडल मिळालं ते सगळ्यांबरोबरच. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

जिंकलेल्या टीमलाच वैयक्तिक बक्षीस द्यायचं हा पण कोणी केलेला नियम? आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेला २००२ च्या कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं तेव्हा भारत चौथा आला होता. पोडियमवर नसलेल्या टीमचा माणूस. परीक्षकांनी मॅचेस बघितल्या होत्या म्हणून ते झालं, आपल्या कॉलेज स्पर्धेत धनराज असता तर स्टेजखाली उभा राहून टाळ्या वाजवत बसला असता.

हॉकी इंडिया सुद्धा वर्षाची बक्षिसं देताना पोझिशन वेगळ्या धरतं. गोलकीपरला बलजित सिंग यांच्या नावाचं, डिफेंडरला परगट सिंग, मिडफिल्डरला अजितपाल सिंग, फॉरवर्डला धनराज पिल्ले, आणि सगळ्यांत मिळून एक बलबीर सिंग सीनियर यांच्या नावाचं. देशाच्या पातळीवर जे चालतं ते कॉलेजला का नको? ट्रॉफीचा खर्च वाढतो म्हणाल तर पाहुण्यांच्या बुके आणि बॅनरमधून तेवढे पैसे आरामात निघतात.

माझा भाचा बोस्टनला शिकतो. तिथे दर फेब्रुवारीत बोस्टन परिसरातल्या चार युनिव्हर्सिटींची बीनपॉट नावाची स्पर्धा असते, ती आईस हॉकी, आपली नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस असतंच, त्याशिवाय गोलकीपरला वेगळं, आणि ते अंगावर आलेल्या शॉट्सपैकी किती टक्के अडवले यावर ठरतं. अमेरिकेतल्या कॉलेज आईस हॉकीच्या नॅशनल फायनललाही २०२४ मध्ये डेन्व्हरने बोस्टन कॉलेजला २-० हरवलं तेव्हा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो डेन्व्हरचा गोलकीपर मॅट डेव्हिस, त्याने त्या मॅचमध्ये ३५ शॉट अडवले होते. आपल्याकडे अडवलेले शॉट लिहायला शीटवर रकानाच नसतो.

तेव्हा आयोजकांना आणि युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन अंपायर आणि स्पर्धेत न खेळणाऱ्या कॉलेजचा एक कोच असे तिघे पहिल्या दिवशीच नेमा, त्यांनी प्रत्येक मॅचनंतर दोन-तीन नावं लिहून बंद पाकिटात टेबलवर द्यावीत. फायनलला किती गोल झाले त्यावरून ती पाकिटं बदलायची नाहीत, फायनलचं पाकीट त्यांत फक्त वाढवायचं. क्वार्टरफायनलच्या आधीचे गोल वैयक्तिक बक्षिसाला मोजू नका. टेबलवर एक पोरगं जास्तीचं बसवा, सेव्ह आणि पीसीला झालेले रश लिहायला, वही आणि पेन एवढाच खर्च. आणि स्टेजवर नाव पुकारताना का दिलं ते एका वाक्यात सांगा, म्हणजे ज्याला मिळालं नाही त्याच्या मनात पण किल्मिष राहत नाही, नाहीतर दर वर्षी समारंभ संपला की पार्किंगमध्ये त्यावरूनच बाचाबाची होते.

इंटरकॉलेजिएटचे फॉर्म लवकरच निघतील. नियमावलीत दोन ओळी वाढवायच्या तर त्या आत्ताच वाढवता येतील, ड्रॉ पडल्यावर कोणी हात लावत नाही.

आपला,
एक जुना लेफ्ट हाफ, खडकी, पुणे