उजनीचे टक्के छापता, पाणी हिरवं का होतं तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज चौकट येते, उजनी धरण इतके टक्के, दौंडचा विसर्ग इतके क्युसेक. धरणाखालचे आम्ही लोक सकाळी आधी तेच बघतो, खोटं कशाला बोला. पण उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग आला, मासे मेले, की बातमी चार ओळींची आणि कारण ठरलेलं, पुण्याचं सांडपाणी. ते आहेच, मुळा-मुठेतून काय येतं ते सगळ्यांना माहितीये. पण सांडपाणी तर पावसाळ्यात पण येतं ना, मग तेव्हा पाणी असं का माजत नाही?

कारण शेवाळाला नुसतं खत पुरत नाही, थांबलेलं पाणी पण लागतं. वाहत्या नदीत दगडावर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो तो डायटम नावाच्या बारीक शेवाळाचा, तो खाऊन किडे आणि गोगलगाई जगतात, त्यांच्यावर मासे, आणि पूर आला की दगड घासून निघतात आणि थर नव्याने धरतो. धरणात उलटं. गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, ऊन आत जातं, वरचं पाणी तापतं आणि मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ (नावाला शेवाळ, खरं तर जिवाणू) पेशींतल्या हवेच्या फुग्यांमुळे वर येऊन तरंगतं आणि खालच्यांचं ऊन अडवतं. रात्री हे सगळं मिळून पाण्यातला ऑक्सिजन ओढतं, म्हणून मासे बहुतेक पहाटे मरतात. या शेवाळाच्या काही जाती विष सोडतात, आणि ते विष पाणी उकळून जात नाही, हे तरी ठळक छापा.

उजनीत साधारण ११७ टीएमसी मावतं, त्यातलं ६३ हून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे, म्हणून मृतसाठ्यातलं पाणी गेलं की आकडा वजा होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. म्हणजे उरलं ते उथळ, तापलेलं पाणी आणि खाली वर्षानुवर्षांचा गाळ, आणि तळाचा ऑक्सिजन संपला की त्या गाळातलाच फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खत, परत पाण्यात सुटतो, म्हणजे पुण्याने उद्या सगळं सांडपाणी शुद्ध केलं तरी काही वर्षं हे चालूच राहणार.

धरणाखाली भीमेची वेगळीच तऱ्हा. सोलापूरसाठी सोडलं, वारीसाठी चंद्रभागेत सोडलं की भरून वाहते, बंद केलं की बंधाऱ्यामागची डबकी. खडशी म्हणजे महसीर मासा याच खोऱ्यातला, १८३९ मध्ये सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतून त्याची शास्त्रीय नोंद केलेली आहे, आता जाळ्यात चिलापी आणि तो खवल्यांचा सकर, दोन्ही बाहेरून आलेले मासे.

अमेरिकेत ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ पासूनचं. तिथे विजेच्या मागणीप्रमाणे पाणी रोज कमी-जास्त व्हायचं. नदीतले किडे काठाच्या दगडांना अंडी चिकटवतात, पाणी उतरलं की ती उघडी पडून वाळतात, किडे नाहीत म्हणून माशांना खायला नाही. मग २०१८ पासून काही उन्हाळे त्यांनी मे ते ऑगस्ट शनिवार-रविवार पाणी कमी पण एकसारखं ठेवलं, आणि तेवढी भरपाई बाकीच्या दिवसांत केली. एकूण पाणी तेवढंच! नदीत बोटी नेणारे गाईड लोक रात्री काठावर दिव्याचे सापळे लावून किडे गोळा करून शास्त्रज्ञांना देत होते, आपल्याकडे हे काम मच्छीमार सोसायट्यांना सहज जमेल.

भीमेला तोच फॉर्म्युला लागू पडेल असं म्हणत नाही, आपली नदी पावसावरची. पण आवर्तनाचं, म्हणजे धरणातून पाणी कधी किती सोडायचं त्याचं, वेळापत्रक ठरताना ऊस, शहर, वारी सगळ्यांचं बोलणं होतं, नदीचं कोणीच बोलत नाही. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान प्रवाहाची अधिसूचना काढली, कोरड्या महिन्यांत मासिक सरासरीच्या २० टक्के वगैरे. भीमेसाठी असा आकडा कालवा सल्लागार समितीत मागायला काय हरकत आहे? आणि विसर्ग बंद करताना एकदम न तोडता दोन-तीन दिवसांत उतरवत नेला तर शेतीचं काही जाणार नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच, टक्केवारीच्या चौकटीत अजून दोन आकडे वाढवा, पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन आणि फॉस्फरस. जलसंपदाकडे किंवा प्रदूषण मंडळाकडे मागितले आणि मिळाले नाहीत तर ‘मिळाले नाहीत’ असं छापा. ऑक्टोबरात बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकायच्या आधी सुरू केलंत तर पुढच्या उन्हाळ्यात तुलना करता येईल.

– एक वाचक, माढा तालुका