काय येत नाही, हे तुला आधी कळावे

कोल्हापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यात तुझे वर्ग आता नीट सुरू झाले असतील, वेळापत्रक हाती आले असेल आणि होस्टेलच्या मेसचीही सवय होत असेल, म्हणून अभ्यासाविषयीचे हे पत्र लिहायला घेतले आहे. आई म्हणून द्यायच्या सूचना मी फोनवर देतच असते. हे पत्र मात्र रसायनशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका म्हणून लिहीत आहे, कारण दरवर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात माझ्यासमोर तुझ्याच वयाची आणि तुझ्याइतक्याच तयारीची मुले बसतात, आणि त्यांतली चांगली हुशार मुलेही पहिल्या सत्रात कशी अडखळतात हे मी जवळून पाहते. ही मुले बुद्धीला कमी नसतात आणि आळशीही क्वचितच असतात. आपल्याला काय येत नाही, हे निकाल लागेपर्यंत त्यांच्या ध्यानातच येत नाही, आणि तोवर पुढचे सत्र सुरू झालेले असते.

याची मुळे मला अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत दिसतात. तुम्ही सगळे सीईटीच्या तयारीत वाढलात. चार पर्याय समोर ठेवून त्यांतला बरोबर ओळखायचा आणि चुकले तरी गुण कापले जात नसल्यामुळे अंदाजाने का होईना, काहीतरी निवडायचेच, ही सवय हाडीमाशी भिनली आहे. उत्प्रेरकामुळे समतोल कोणत्या बाजूला सरकतो, असे विचारले तर तू क्षणात ‘कोणत्याच नाही’ हा पर्याय निवडशील. पण ‘का नाही?’ असे विचारून पाच ओळी लिहायला सांगितल्या, तर पुढच्या आणि उलट अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग तो सारख्याच पटीने वाढवतो, म्हणून समतोल लवकर गाठला जातो, पण त्याची जागा बदलत नाही, इतके साधे वाक्यही माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या लेखणीतून पहिल्या फटक्यात उतरत नाही. समोर असलेले उत्तर ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः उभे करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पदवीच्या अभ्यासात तुझ्याकडून दुसऱ्याची अपेक्षा आहे.

पुन्हा पुन्हा वाचल्याने हे दुसरे काम साधत नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी दरवर्षी माझ्या वर्गाला सांगते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. त्याला सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरला होता आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे: आपल्याला किती लक्षात राहील असे विचारले, तेव्हा वाचणाऱ्या गटाचा आत्मविश्वास अधिक होता. पान ओळखीचे होत गेले की विषय येऊ लागल्यासारखे वाटते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री रंगीत रेघा मारलेले पुस्तक चौथ्यांदा चाळणाऱ्या मुलाला आपली काय अवस्था आहे, हे खरोखरच ठाऊक नसते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे की, ज्या दिवशी तास झाला त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून एका कागदावर त्या तासाला काय शिकवले ते आठवून लिहायचे. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मग वही उघडून जे सुटले, जे चुकले ते वेगळ्या शाईने त्याच कागदावर लिहायचे. ती वेगळी शाई म्हणजे तुझा उद्याचा अभ्यास. आठवड्याने तोच कागद न बघता पुन्हा लिहून पाहायचा. पहिले काही दिवस हे फार जड जाईल आणि ‘आपल्याला काहीच येत नाही’ असे वाटेल. ते वाटणे सोसून पुढे जायचे, कारण आठवण्यासाठी मनाला जो ताण द्यावा लागतो त्यातूनच विषय पक्का होतो. तासाला बसून वहीत सगळे उतरवून घेण्याचा खटाटोपही करू नकोस. फळ्यावरचे शब्दन्‌शब्द टिपणारा विद्यार्थी बहुधा ऐकत नसतो. सर एखाद्या पायरीवर थांबून कारण सांगतात, ते कारण टिपून घे. समीकरण पुस्तकात सापडतेच.

हीच गोष्ट प्रयोगशाळेत आणखी महत्त्वाची होते, आणि तिच्याविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) प्रयोगात एक अंदाजाचे आणि तीन नेमकी रीडिंग घ्यायची असतात आणि त्यांवरून कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून किती द्रावण लागले याचा पक्का आकडा, काढायचा असतो. जर्नले तपासताना मला पानामागून पान तीन तंतोतंत सारखी रीडिंग दिसतात: १०.२, १०.२, १०.२. ब्युरेटवरचा सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो. पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे हात इतके स्थिर झालेले नसतात, त्यामुळे ही रीडिंग बहुतेक वेळा जुळवलेली असतात हे कोणत्याही शिक्षकाला कळते. तुझी रीडिंग १०.२, १०.६ आणि १०.३ आली, तर तीच लिही आणि मधले एक वर का गेले याचा शोध घे. नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला असेल, शेवटचे रीडिंग घेताना डोळा पातळीच्या खाली राहिला असेल, पिपेटच्या टोकाला राहिलेला शेवटचा थेंब तू फुंकून काढला असशील, किंवा फिनॉल्फ्थेलिन या दर्शकाची फिकट गुलाबी छटा आल्याबरोबर थांबण्याऐवजी गडद रंग येईपर्यंत तू तोटी उघडी ठेवली असशील. यांतले नेमके कारण ज्याला सापडले तो विद्यार्थी त्या दिवशी रसायनशास्त्र शिकला, मग त्याचे उत्तर अपेक्षित आकड्यापासून थोडे दूर का असेना. जुळवलेल्या रीडिंगने जर्नल सुबक होते आणि सही लगेच मिळते, पण चूक शोधण्याची एकमेव संधी हातची जाते. सीनियरचे जर्नल समोर ठेवून आपले पूर्ण करण्याची रीत होस्टेलमध्ये असेलच. ती तू स्वीकारू नयेस अशी माझी फार इच्छा आहे, आणि या बाबतीत मी तुला कोणतीही सवलत देणार नाही.

आता शिक्षकांना विचारण्याविषयी. मुले प्राध्यापकांच्या खोलीत यायला बिचकतात, आणि आलीच तर ‘मॅडम, चॅप्टर समजला नाही’ असे म्हणतात. या वाक्याला कोणताही शिक्षक नीट उत्तर देऊ शकत नाही. जाण्यापूर्वी स्वतः गणित सोडवून पाहायचे, जिथे अडकलो तिथपर्यंतचा कागद बरोबर न्यायचा आणि ‘इथपर्यंत आले, ही पायरी अशी का, हे कळले नाही’ असे बोट ठेवून विचारायचे. प्रश्न इतका नेमका झाला की निम्म्या वेळा त्याचे उत्तर दाराशी पोहोचण्याआधीच तुला सापडलेले असेल, आणि उरलेल्या वेळा शिक्षक आनंदाने वेळ देतील. हे मी माझ्या व्यवसायाच्या वतीने खात्रीने सांगते. असा प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी आम्हाला वर्षानुवर्षे आठवतो. तिसऱ्या वर्षी कुणी शिफारसपत्र मागायला आला आणि त्याचे नावही मला माहीत नसले, तर मी त्याच्याविषयी काय लिहिणार? बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनसंस्थांत काम करण्यासाठी शिष्यवृत्त्या देतात. तिथल्या अर्जाला तुला ओळखणाऱ्या शिक्षकाचे पत्र लागते. ई-मेल करताना विषय, पूर्ण नाव, वर्ग आणि पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांक लिहावा आणि ‘हाय सर’ने सुरुवात करू नये, इतके तुला सांगायला नको.

भाषेचा प्रश्न तुझ्यासारख्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना अधिक भेडसावतो. संकल्पना कळलेली नसते आणि आपले इंग्रजीच कच्चे आहे अशी समजूत होते, किंवा नेमके उलटे होते. दोन्ही वेगळे काढण्याचा एक सोपा मार्ग आहे: तो भाग धाकट्या भावाला सांगावा तसा मराठीत सांगून पाहा. मराठीतही सांगता आला नाही, तर अडचण इंग्रजीची नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्याचे काम उभे राहिले तोच हा कोश. त्यातली विज्ञानावरची नोंद आधी वाचून मग इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडलेस, तर निम्मी भीती जाईल. उत्तरे मात्र पहिल्या आठवड्यापासून इंग्रजीत लिहायचा सराव ठेव. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच सलग परिच्छेद इंग्रजीत लिहायला बसू नये.

ग्रंथालयात गेल्यावर केवळ काउंटरवरून पुस्तक मागवून परत येऊ नकोस. कपाटांपर्यंत जाण्याची मुभा असेल तर ड्यूई पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात ५४० या क्रमांकापाशी रसायनशास्त्र आहे, ५४१ पाशी भौतिक, ५४३ पाशी विश्लेषणात्मक, ५४६ पाशी असेंद्रिय आणि ५४७ पाशी सेंद्रिय रसायन. एकाच विषयाची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाने वगळलेली पायरी दुसऱ्यात सापडते. गाईड आणि क्वेश्चन बँक शेवटच्या आठवड्यात जरूर पाहा, पण त्यांच्यापासून सुरुवात करू नकोस. ए.आय.चेही तसेच. आधी स्वतःचे उत्तर, कितीही कच्चे असले तरी, कागदावर लिही आणि मग त्यातल्या त्रुटी त्याला विचार. आधीच त्याचे उत्तर वाचलेस तर ते इतके सफाईदार असते की आपल्याला काय येत नव्हते, हे तुला कधीच कळणार नाही. शिवाय ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते, म्हणून आकडे आणि समीकरणे पुस्तकाशी ताडून पाहायलाच हवीत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसारची क्रेडिटची रचनाही समजून घे. आपल्याकडे सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांचे १३२ असा हिशेब आहे. सिद्धान्ताचे एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, तर प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणून ओपन इलेक्टिव्हचे (आपल्या शाखेबाहेरून निवडायचे) किंवा मूल्यशिक्षणाचे दोन क्रेडिटचे विषय दुय्यम समजून सोडून देणारी मुले सरासरीत विनाकारण मागे पडतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि त्या सहांतले पहिले सत्र आत्ता चालू आहे. पहिल्या वर्षाला कोण विचारतो, असे होस्टेलमध्ये कुणी सांगितले तर ऐकू नकोस. हजेरीची ७५ टक्क्यांची अट तर आहेच.

पैशांचे मी तुझ्या बाबांवर सोपवले आहे. महाडीबीटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि बोनाफाईड यांच्या तारखा तेवढ्या तू लिहून ठेव. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याला रुजवलेली ‘कमवा व शिका’ची परंपरा पुण्यातही आहे. त्यातून ग्रंथालयातले किंवा प्रयोगशाळेतले काम मिळाले तर निःसंकोच कर, त्यात कमीपणा नाही. रात्रीची झोप मोडून अभ्यास करू नकोस. मन फारच जड झाले तर मला केव्हाही फोन कर, आणि माझ्याशी बोलवत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोल. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पुढल्या महिन्यात तुमची इंटर्नल, म्हणजे अंतर्गत परीक्षा, असेल. गुण कळले की मुले समाधानाने किंवा दुःखाने मोकळी होतात आणि तपासलेला पेपर पाहतही नाहीत. तू तो मागून घे आणि गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला ते समासात लिही: विषय माहीत नव्हता, माहीत होता पण मांडता आला नाही, वेळ पुरला नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. या चारही चुकांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि ‘पुढच्या वेळी जास्त अभ्यास करेन’ हा त्यांतल्या एकाचाच उपाय आहे. गुण देण्यात चूक वाटली तर शिक्षकांशी नम्रपणे बोल. सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठीही अर्ज करता येतो, पण त्याची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते. समासातल्या नोंदींसह त्या इंटर्नलच्या पेपरचे फोटो मला पाठव. गुण किती पडले हे मी आधी विचारणार नाही. कारणे वाचून मग आपण रविवारी सविस्तर बोलू.

तुझी,
आई