ड्रम आधी मोज

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पिकअपच्या मागच्या ब्रेकचं काम स्वतः करणार म्हणतोस, फार बरं वाटलं. पण लायनर (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणारा थर) आणून ठेवलेस आणि ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा, अजून मोजलेलाच नाही, म्हणून तातडीने लिहितोय.

ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. गंज खरवडून तो वाच. मग आतला व्यास तीन-चार ठिकाणी मोज. मापांत फरक आला तर ड्रम गोल राहिलेला नाही. ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं ते बहुधा यामुळेच. टर्निंग, म्हणजे लेथवर ड्रम आतून कातून गोल करून घेता येतं, पण नंतरही व्यास त्या आकड्याच्या बराच आत हवा, पुढच्या झिजेला जागा लागते. आकडा ओलांडला असेल तर ड्रम सरळ भंगारात टाक. पातळ ड्रम लवकर तापतो, त्याला तडे जातात, आणि माल भरून लांब उतार उतरताना ब्रेक धरेनासे होतात. इथे पैसे वाचवू नकोस.

लायनरच्या जाडीचं साधारण माप असं: चिकटवलेला असेल तर खालच्या पत्र्यावर किमान १.६ मिमी, रिव्हेटचा असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर ०.८ मिमी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धर. बदलताना दोन्ही चाकांचे बदल.

गाडी सपाट जागी घे, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव, मगच हँडब्रेक सोड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालू नकोस, स्टँड हवेतच. ड्रममधली धूळ हवा मारून उडवायची नाही, हे विशेष सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसून घे.

एका वेळी एकच बाजू उघड, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसरीकडे बघता येईल. लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे ॲडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात, अदलाबदल झाली तर ते उलटे फिरतात. ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर हलकेच उचलून बघ. आत ऑइल साचलं असेल तर सिलेंडर गळतोय. आणि ड्रम काढलेला असताना पेडलला कुणी पाय लावायचा नाही, सिलेंडरमधले पिस्टन बाहेर येतात.

सगळं बसवल्यावर रिकाम्या गाडीने, मोकळ्या जागी, हळू वेगात ब्रेक तपास. माल त्यानंतर.

मापं घेतलीस की दोन्ही ड्रमचे आकडे कळव, टर्निंग की नवे ते मिळून ठरवू.

तुझा,
विनय